वेरूळ-अजिंठ्याच्या वाटेवरच्या माणसांचे आभार

शाळेपासून हाताला रंग लागले, पुढे गळ्यात कॅमेरा आला. नोकरी सांभाळून दोन्ही जपता आलं ते अनोळखी माणसांमुळे. वेरूळला कैलास लेण्यासमोर चित्र काढत बसलो की न मागता पाण्याचा तांब्या पुढे करणाऱ्या मावशी. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात फ्लॅश चालत नाही. भिंतीवरच्या चित्रातल्या पद्मपाणी बोधिसत्त्वाच्या हातातलं कमळ डोळे सरावल्यावर, हळूहळू उमलल्यासारखं दिसतं. तेवढा वेळ कोपऱ्यात उभं राहू देणारे पहारेकरी दादा. (१८४४ साली इथली चित्रं उतरवण्यासाठी नेमलेले रॉबर्ट गिल पुढे कॅमेऱ्याकडेही वळले, हे मला फार जवळचं वाटतं.) आणि उधारीवर रंग देणारे दुकानदार काका. तुमची नावं मला ठाऊक नाहीत. मनापासून आभार! पुन्हा भेटलात तर तुमचं चित्र काढू द्या.