घार काळी का येते

कोल्हापूर
फेब्रुवारी अखेर

प्रिय भावा,

तू पाठवलेले फोटो सगळे बघितले, दोनदा बघितले. फोनवर बोललो असतो पण हे फोनवर सांगण्यासारखं नाही, तू मधेच "बरं बरं" म्हणणार आणि परत तेच करणार, म्हणून लिहितोय, निवांत बसून वाच.

घार काळी ठिक्कर आणि बगळा पांढरा फटक, एक पीस दिसत नाही, आणि तेवढ्यावरनं तू लेन्स विकायला निघालास. विकू नको. लेन्सचा काहीच दोष नाही यात. कॅमेऱ्याला घार कळत नाही, आभाळ कळत नाही, समोरचा सगळा उजेड मिळून मध्यम राखाडी करायचा एवढंच त्याला कळतं. मागं पांढरं आभाळ आलं की ते राखाडी करायला तो सगळंच अंधारं करतो, त्यात घारीचा कोळसा होतो. गर्द झाडीपुढनं बगळा गेला की उलट, झाडी उजळायला जातो आणि बगळा जळतो. म्हणून ढगाळ आभाळात घार असली तर कॉम्पेन्सेशन, म्हणजे कॅमेऱ्यानं ठरवलेला उजेड आपण वर-खाली करायची डायल, प्लस दीड, कधी प्लस दोनसुद्धा, आणि झाडीपुढं बगळा असला तर मायनस एक, इथनं सुरुवात कर.

पण हे झालं बसलेल्या नाहीतर एकाच आभाळात फिरणाऱ्या पक्ष्याचं. उडणारा पक्षी दोन सेकंदात आभाळ, झाडी, पाणी सगळ्यापुढनं जातो, तेवढ्यात तू डायल कुठं फिरवत बसणार? मला हे कळायला गेल्या वर्षीचा अख्खा फेब्रुवारी गेला. रंकाळा तलावावर टॉवरच्या बाजूला नदी सुरय नावाचे पाणपक्षी यायचे, चार-पाच होते. विणीचा हंगाम जवळ आला की त्यांची टोपी पूर्ण काळी होते, चोच पिवळीधमक, अंग पांढरं-करडं, आणि डोळा नेमका त्या काळ्या टोपीच्या आत. म्हणजे अंगाला सांभाळलं तर डोळा गायब, डोळ्याला सांभाळलं तर अंग जळतं. तीन आठवडे रोज पहाटे उठून गेलो, दोन कार्डं भरली, ठेवण्यासारखा एक फोटो नाही. घरी येऊन हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतल्या उजेडाचा आलेख, बघायचो तर उजव्या भिंतीला चिकटलेला, म्हणजे पांढरं जळलेलं. लय वाईट वाटायचं रे, कारण पक्षी समोर होता, फोकस बरोबर होता, सगळं होतं.

मग एका सकाळी काठावर एक गायबगळा उन्हात उभा होता, सुरय लांब होते म्हणून त्याच्यावरच टेस्ट घेत बसलो आणि डोक्यात उजेड पडला की बगळ्यावर पडणारं ऊन आणि सुरयवर पडणारं ऊन एकच आहे की! मागचं बदलतंय, पक्ष्यावरचं ऊन बदलत नाहीये. मग कॅमेऱ्यातल्या उजेड मोजणाऱ्या मीटरचं ऐकायचंच कशाला? मॅन्युअलला टाकलं, म्हणजे सगळं आपल्या हातानं, ऑटो आयएसओ बंद, बगळ्याच्या पाठीवरची पिसं जेमतेम जळायची थांबतील तिथं एक्स्पोजर लॉक केलं. साधारण आठ वाजता आयएसओ 800, एफ 6.3, शटर 1/2500. तेच सेटिंग धरून सुरयवर फिरवलं, मागं शालिनी पॅलेसची झाडी येऊदे नाहीतर उघडं आभाळ येऊदे, पांढरा तसाच राहिला. फक्त ऊन वर चढेल तसं दहा-पंधरा मिनिटांनी परत टेस्ट घ्यायची, आणि ढग आला की सगळं नव्यानं. रॉ मध्येच काढ, म्हणजे कॅमेऱ्याची कच्ची फाइल, टोपीतला डोळा नंतर सावलीतनं थोडा वर काढता येतो, जळलेलं पीस मात्र परत येत नाही.

आणि उभं कुठं राहायचं हे सेटिंगपेक्षा मोठं आहे. पक्षी उडताना आणि उतरताना तोंड वाऱ्याकडं करतो. सकाळी वारं पूर्वेकडनं असलं की चौपाटीच्या बाजूला उभा राहा, ऊन तुझ्या पाठीवर, पक्षी तुझ्याकडं तोंड करून. तुझे कळंबा तलावाचे फोटो बघून वाटलं तू ऊन समोर घेऊन उभा होतास, त्यात अकरा वाजलेले. दहानंतर पाण्यावरनं वाफाळल्यासारखी हवा हलते, लांबचा फोटो मऊच येणार, त्याला कुठलीच लेन्स काय करणार नाही.

जागा पण कायमची नसते बघ. आपण लहानपणापासनं किरणोत्सव बघतोय, नोव्हेंबरात 9, 10, 11 आणि परत 31 जानेवारी, 1, 2 फेब्रुवारी, मावळतीची किरणं महाद्वारातनं आत येऊन आधी अंबाबाईच्या पायावर, मग अंगावर, मग मुखावर. सूर्य क्षितिजावर सरकतो म्हणूनच ते त्याच दिवसांत होतं. मी आता डिसेंबरची जागा फेब्रुवारीत धरत नाही, उगवतीच्या सूर्याची जागा बघून दरवेळी पावलं बदलतो.

संध्याकाळी मात्र तीच चौपाटी मुद्दाम उलट वापरायची. गायबगळे रात्रीच्या झाडाकडं परतताना माळेसारखे येतात, सूर्य त्यांच्या मागं. दीड-दोन स्टॉप अंधारं काढ, म्हणजे कॉम्पेन्सेशन मायनस दीड-दोन. अंग काळं राहूदे, पण पंख वर गेला की ऊन त्याच्या आरपार येतं, एकेक पिसाची दांडी मोजता येते, कडेनं सोन्याची तार ओढल्यासारखी. गेल्या मंगळवारी असा एक मिळाला, सहाशे फोटोंतला एक, परवापासनं दिवसातनं चारदा उघडून बघतोय.

एक गोष्ट रागानं लिहितोय. परवा एकानं वारकरी, म्हणजे पांढऱ्या कपाळाचे काळे पाणपक्षी, उडावेत म्हणून पाण्यात दगड मारला. मोठी लेन्स, भारी ट्रायपॉड, आणि दगड. मी भांडलो, आवाज चढवून भांडलो. थंडीतले पाहुणे परतीच्या वाटेला लागायचे दिवस आहेत, त्यांना अंगात चरबी साठवायची असते, प्रत्येक फुकटचं उड्डाण त्यांच्या खाण्यातनं जातं. थांबलं की उडतातच रे. बगळा उडायच्या आधी बऱ्याचदा शिटतो, मान आखडतो, पाय वाकवतो. तेवढं बघत बसलास तरी शटर वेळेवर दाबशील.

फोकस कंटिन्युअसला, म्हणजे पक्ष्यामागं सतत फिरणारा, आहे ना, ते बघ. शटर 1/2000 च्या खाली नको. फिल्टर घेऊ नको, लेन्सच्या तोंडाला हूड लाव.

वहिनींना नमस्कार सांग. आणि त्या घारीची रॉ फाइल पाठव, जेपेग नको, पंखाखाली काही शिल्लक आहे का बघतो.

तुझाच,
रंकाळ्यावरचा दोस्त