त्या मुलाला परत बोलावलंस का?

चि. मृणाल हिस,
अनेक आशीर्वाद.

तू गेल्यावर दोन दिवस मी कुणाशी धड बोलले नाही. बाबा म्हणाले, पोरगी वळणापर्यंत मागे बघत होती. मला दिसलं नाही, मी स्वयंपाकघरातच होते. भाऊबीजेला ताटावर जे बोलले ते सगळ्यांदेखत बोलायला नको होतं. सुमामावशीसमोर तर नकोच. चुकलं माझं. पण जे विचारलं ते मनातून जात नाही.

त्या मुलाला परत बोलावलंस का?

नऊ वर्षांचा मुलगा, दीड महिना खोकला, वजन उतरलेलं. छातीच्या एक्स-रेची फिल्म मशीनने, म्हणजे फिल्म वाचणाऱ्या त्या सॉफ्टवेअरने, नॉर्मल ठरवली. तुला फुप्फुसाच्या मुळाशी सावली जरा भरलेली वाटली. सर नॉर्मल म्हणाले, बरोबरच्या दोघांनी मान डोलावली, आणि तू सही केलीस. हे तूच सांगितलंस, लाडू वळता वळता, रोजचं काही सांगावं तसं. तेच मला लागलं.

मशीनवर माझा राग नाही. आमच्या वेळी बेडक्याचा रिपोर्ट येईपर्यंत पेशंट मुंबईला कामाला निघून गेलेला असायचा. मिनिटभरात कळत असेल तर चांगलंच आहे. पण जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये टीबीसाठी या सॉफ्टवेअरची शिफारस केली ती 15 वर्षं आणि त्यावरच्यांसाठी, हे तूच मला समजावलं होतंस. लहान मुलांचा टीबी वेगळा. गाठी सुजतात, बेडका निघत नाही, सकाळी उपाशीपोटी नळी घालून पोटातलं पाणी काढावं लागतं. मग नऊ वर्षांच्या पोराच्या फिल्मवर मशीनचा शब्द शेवटचा कसा?

बघ, पुन्हा शिकवायला लागले. फिल्म वाचणं तुझं काम, मी साधी नर्सबाई. आपल्या घरातली पहिली डॉक्टर तू. ॲडमिशनच्या यादीतलं तुझ्या नावाचं कात्रण आप्पांच्या पाकिटात अजून आहे, घड्यांवर फाटलंय तरी.

कधी सांगितलं नाही ते आज सांगते. तू पहिलीत होतीस. पोलिओ रविवार होता, वरच्या वाडीवर बूथ होतं. कॅरियरमधल्या बर्फाचं दुपारपर्यंत पाणी झालं. कुपीवर एक वर्तुळ असतं, त्यात चौकोन. चौकोन फिका आहे तोवर लस चांगली. वर्तुळाइतका गडद झाला की कुपी टाकून द्यायची. माझ्या हातातल्या दोन कुप्यांचे चौकोन गडद होते. मी दाखवलं. सुपरवायझर म्हणाले, उन्हात तसं दिसतं. बरोबरच्या दोघी म्हणाल्या, चालतंय की. पोरं ओळीत उभी. मी पुन्हा पाहिलं आणि खरं सांगते मृणू, दुसऱ्यांदा मला तो चौकोन फिका दिसला. पाजली मी.

दोन कुप्या म्हणजे चाळीस डोस. त्या वाडीत कुणाला काही झालं नाही. 2014 च्या मार्चमध्ये देशाला पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं, तालुक्याला पेढे वाटले, मीही वाटले. मनात ती ओळ होती.

आणि ती वाडी कोणती, तर जिथे आधी आम्हाला बघून दारं लावत. या थेंबांनी पुढे पोरं होत नाहीत म्हणायचे. तुला कडेवर घेऊन गेले होते, पाटलांच्या ओट्यावर बसवून सगळ्यांदेखत पाजलं. तेव्हा पाटलांच्या सुनेने आपलं पोर पुढे केलं, मग आळीच्या आळी आली. लसीतलं त्यांना काय कळणार? त्यांनी एकमेकींकडे पाहिलं आणि माझ्याकडे पाहिलं. त्याच बायांची पोरं त्या ओळीत होती.

तुझ्या त्या मुलाची आई मशीनला ओळखत नाही. तिने कागदाखालची सही बघितली असेल आणि हायसं वाटून एसटी धरली असेल.

सुट्टीत एकदा तू तो रेघांचा प्रयोग सांगितला होतास, अमेरिकेतल्या ॲशचा. खोलीतले सगळे ठरवून चुकीची रेघ सांगतात, आणि ज्याला हे ठाऊक नाही तोही कित्येकदा त्यांचीच री ओढतो. पण एक जरी जण खरं बोलला तर त्याला बळ येतं. मी भाकरी थापत होते, नुसतं हं म्हटलं. त्या रात्री मला झोप लागली नाही.

सरांच्या हातात तुझी परीक्षा आहे, थीसिस आहे, हे मला कळतं. त्याचीही भीती वाटते मला. भांड असं म्हणत नाही. एकटे असताना सांग. शंका आहे, पुन्हा फिल्म काढावी, एवढं त्या कागदावर असतं तरी... राहू दे. चिडू नकोस.

बाबांचं बीपी ठीक आहे. मेतकूट आणि तुझा राहिलेला स्वेटर रवीबरोबर पाठवते, तो शनिवारी येतोय. केसपेपरवर मोबाईल नंबर असतो ना? लागत नसला तर त्यांच्या उपकेंद्रातून आशाताईंमार्फत निरोप जातो, कुणाला सांगायचं ते मी सांगते. कितीही रात्र झाली तरी फोन कर, मी जागी असते.

तुझी,
आई