वाचनालय नेमके कोणाचे?

रत्नागिरी

प्रिय मधुकर,
सप्रेम नमस्कार वि. वि.

तुझे पत्र पोहोचले. नानांचा ग्रंथसंग्रह येथील नगर वाचनालयास द्यावा, हा तुझा विचार वाचून आनंद झाला. मात्र ‘हे वाचनालय सरकारचे की नगरपालिकेचे’ ही तुझी शंका एका वाक्यात फिटण्याजोगी नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ते दोघांचेही नाही. जिल्ह्याचे ठाणे बाणकोटहून रत्नागिरीस आले 1822 मध्ये आणि वाचनालय निघाले 1828 मध्ये. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश 1831 चा, बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ 1832 चे. म्हणजे छापील मराठी पुस्तके अगदी मोजकी असताना आपल्या गावात वाचनालय उभे राहिले. त्यामुळे पहिल्या कपाटांत मराठी फारसे नसणार आणि तेथे येऊन बसणारा कचेरीतला इंग्रजी जाणणारा माणूसच असणार, असा माझा तर्क आहे. पुढे अहमदनगर 1838, नाशिक 1840, पुणे 1848, कोल्हापूर 1850, सावंतवाडी 1852 अशी रांगच लागली. पुण्यात तर लोकहितवादींनीच पुढाकार घेतला होता. ही वाचनालये मुख्यतः देणग्या आणि सभासदांची वर्गणी यांवर चालत. नावात ‘सार्वजनिक’ असले तरी घरी पुस्तक न्यायचे तर वर्गणी भरावी लागे, हे आपण शताब्दीच्या भाषणांत सोयीस्करपणे विसरतो.

सरकारने लक्ष घातले ते फार उशिरा. 1939 मध्ये मुंबई सरकारने असफ फैजी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि तिने मध्यवर्ती ग्रंथालयापासून खेड्यापर्यंतची साखळी आखून दिली. ती उभारताना नव्या सरकारी इमारती बांधण्यापेक्षा गावोगावच्या जुन्या संस्थांनाच मान्यता व अनुदान देण्याचा मार्ग प्रामुख्याने पत्करला गेला. 1967 च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमानेही हीच रीत पक्की केली. मद्रास प्रांताने 1948 च्या कायद्यात ग्रंथालयासाठी घरपट्टीबरोबर कर बसवला होता. आपल्या कायद्यात तसा कर नाही, आणि मला विचारशील तर सारी अडचण येथेच आहे. संस्था लोकांची, कार्यकारी मंडळ सभासदांनी निवडलेले. पण अ, ब, क, ड यांपैकी ज्या वर्गात वाचनालय बसेल त्यानुसार मिळणाऱ्या अनुदानाकडे डोळे लावून बसायचे. त्यातूनच पुस्तकखरेदी, त्यातूनच पगार. आयुष्यभर काउंटरवर उभ्या राहणाऱ्या कर्मचाऱ्याला शासकीय वेतनश्रेणी नाही, ही गोष्ट मला नेहमीच लाजिरवाणी वाटत आली आहे.

तरीही ही संस्था सरकारच्या हाती द्यावी, असे मी म्हणणार नाही. वर्गणीदार सभासद वार्षिक सभेत उभा राहून हिशेब विचारू शकतो, ही सोय सरकारी खात्यात मिळत नाही.

आता तुझ्या कामाचे. पुस्तकांचे खोके एकदम पाठवू नकोस. आधी लेखक, प्रकाशनवर्ष आणि आवृत्ती यांची यादी पाठव. ज्या प्रती कपाटात आधीच आहेत त्या घेऊन कोणालाच उपयोग नाही, कारण कोकणातल्या ओलीत प्रत्येक पुस्तक वाळवी आणि कसरीपासून सांभाळावे लागते आणि त्याला माणूस लागतो. नानांची जुनी मासिके असतील तर ती मात्र बांधणी सुटलेली असली तरी वेगळी काढून ठेव. देणगीपत्रावर त्यांचे पूर्ण नाव कसे घालायचे, तेही कळव. यादी आली की मी स्वतः ग्रंथपालांशी बोलतो.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
श्रीधर