ओवीला, पाण्याबद्दल आणि ४४ किलोबद्दल

चि. ओवी,
अनेक आशीर्वाद.

सकाळी तू निघतेस तेव्हा मी डबे भरत असते आणि मी मेडिकल बंद करून घरी येते तोवर तू झोपेला आलेली असतेस. मधे जे काही बोलणं होतं ते "आई, लेक्चर नको" इथे संपतं. तेव्हा हे लेक्चर कागदावर देते. कंटाळा आला तर घडी घालून ठेव, पण पूर्ण वाच.

रविवारी ज्युदोच्या प्रॅक्टिसला जाताना तू काट्यावर ४५.८ किलो होतीस. आल्यावर गी (तो ज्युदोचा जाड पोशाख), भिजलेला टी-शर्ट सगळं काढून उभी राहिलीस तर ४४.९. केवढी उड्या मारत होतीस! पण ते नऊशे ग्रॅम सगळं पाणी होतं गं. दोन तासांत एवढी चरबी कुणाचीच जळत नाही. वर तू तीनशे मिलीची बाटली संपवली होतीस, म्हणजे घाम गेला सव्वा लिटरच्या आसपास. वजनाच्या दोन टक्के पाणी कमी झालं की खेळ उतरायला लागतो. रक्तातलं पाणी घटतं, तेवढ्याच कामाला हृदय जास्त ठोके देतं, अंगातली उष्णता नीट बाहेर पडत नाही. रांदोरीच्या, म्हणजे सरावाच्या लढतींच्या, शेवटच्या फेऱ्यांत तुझी पकड सुटते म्हणून तू दोरीवर लटकायचे व्यायाम वाढवलेस. वाढव, पण आधी बाटली वाढव.

नाशिकचा एप्रिल फसवा असतो. पारा चाळिशीला टेकलेला, पण हवा कोरडी, त्यामुळे घाम हातापायांवर दिसतच नाही, आला की उडून जातो. तुझा आतला काळा टी-शर्ट दोरीवर वाळला की पाठीवर पांढऱ्या रेघा उमटतात ना, ते मीठ आहे. आजी म्हणते साबण नीट निघाला नाही. मुंबईच्या स्पर्धेत तू निथळत होतीस आणि तुला वाटलं तिथेच जास्त घाम येतो. तिथे तो दमट हवेत वाळत नव्हता, एवढाच फरक. त्यात जाड सुती गी, वरून हॉलचे पत्रे.

आता खरी गोष्ट. तू पाणी पीत नाहीस ते विसरतेस म्हणून नाही. हॉलच्या मागचं बाथरूम मी पाहून आले. कडी तुटलेली, बादलीत पाणी नाही, आणि जायचं ते मुलांच्या घोळक्यातून. त्यात पँटची नाडी सोडा, पुन्हा बांधा, तोवर सर नाव पुकारतात. चार वाजल्यापासून पाणी बंद करायचं आणि सात वाजता घरी येऊन तांब्यावर तुटून पडायचं, हा तुम्हा सगळ्या मुलींचा हिशोब मला कळत नाही असं समजू नकोस. लघवीला जळजळ होते म्हणून औषध मागायला येणाऱ्या शाळा-कॉलेजच्या मुली मी काउंटरवर रोज बघते. आवाज बारीक करून मागतात. कमी पाणी आणि तासन् तास दाबून ठेवणं, बऱ्याच जणींचं हेच असतं.

म्हणून मी श्रेयाच्या आणि मुक्ताच्या आईला घेऊन सरांशी बोलले. तुला न विचारता बोलले, रागाव. कडी या आठवड्यात बसते आहे. साबण आणि कागद आम्ही तिघी आळीपाळीने देणार. दर वीस मिनिटांनी सगळ्या बॅचला पाण्याची सुट्टी द्यायचंही सरांनी कबूल केलंय, म्हणजे मॅट सोडून जाताना कुणाकडे बघायला नको. पाळीच्या दिवसांत तर एकटी जाऊच नकोस, दोघी जा.

प्यायचं किती, तर तुझ्याच काट्यावरून काढू. दोन तासांत बाराशे मिली गेलं, म्हणजे तासाला सहाशे, म्हणजे दर सुट्टीला दोनशे. आपला स्टीलचा छोटा पेला भरून. अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ ९ ते १२ वर्षांच्या खेळाडूंना दर वीस मिनिटांनी १०० ते २५० मिली सांगतात आणि तुझ्या वयाला तासाला एक-दीड लिटरपर्यंत. तुला तेवढं लागत नाही. तहानेची वाट बघू नकोस, खेळाच्या नादात ती उशिरा कळते. पण एकदम दोन लिटर ढोसूही नकोस, रक्तातलं मीठ पातळ होतं आणि तेही जिवावर बेतू शकतं. घरी आल्यावर जितकं वजन उतरलं असेल त्याच्या सव्वा ते दीडपट पाणी रात्रीपर्यंत पोटात गेलं पाहिजे. नऊशे ग्रॅमला साधारण सव्वा लिटर. सकाळी लघवीचा रंग फिका असला की काम झालं. (बी-कॉम्प्लेक्सची गोळी घेतलेल्या दिवशी रंग बघू नकोस, ती घेतली की पिवळंधमक येतंच.)

तासाभराच्या प्रॅक्टिसला साधं पाणी पुरतं. दोन तास असतील तेव्हा लिंबू सरबत ने, चिमूटभर मीठ जास्त घालून. घरी आल्यावर ताक नाहीतर दूध. दिंडोरीच्या मामाची द्राक्षं आहेत तोवर ती खा, त्यात पाणीच पाणी. रसवंतीच्या बर्फाचं मला काही सांगू नकोस. आणि मुक्ता आणते ती टेट्रापॅकची गोड बाटली ओआरएस नाही. आमच्या दुकानात वर्षानुवर्षं तशाच पेयांवर ओआरएस लिहून यायचं, २०२५ च्या ऑक्टोबरात एफएसएसएआयने, म्हणजे सरकारच्या अन्नसुरक्षा खात्याने, ते नाव लावायला बंदी घातली तेव्हा कुठे थांबलं. खऱ्या ओआरएसमध्ये लिटरला साडेतेरा ग्रॅम ग्लुकोज असतं, या पेयांत साखर त्याच्या कितीतरी पट. खरी पुडी जुलाब-उलटीला किंवा उन्हाने फारच गळून गेलीस तर, रोज नको. एनर्जी ड्रिंक तर घरात आणायचंच नाही, त्या कॅनवरच लहान मुलांसाठी नाही असं छापलेलं असतं.

राहिलं ४४ किलोच्या वजनगटाचं. निवड चाचणीच्या आदल्या दिवशी पाणी बंद, स्वेटर घालून पळणं, थुंकत बसणं, हा तुमचा बेत तुझ्या दादाने मला सांगितला. त्याच्यावर डाफरू नकोस. १९९७ साली अमेरिकेत कॉलेजचे तीन कुस्तीगीर साधारण महिन्याभरात असेच वजन तोडताना गेले. रबरी सूट घालून, तापवलेल्या खोलीत घाम काढत. त्यानंतर तिथे या गोष्टींवर बंदी आली. विनेश फोगटचं तर तू स्वतः टीव्हीवर पाहिलंस. पॅरिस ऑलिंपिकला ५० किलोच्या कुस्तीत, रात्रभर घाम काढला, केससुद्धा कापले, तरी शंभर ग्रॅम जास्त भरलं आणि नंतर पाण्याअभावी सलाईन लावावं लागलं. तिच्या हाताशी डॉक्टर होते. तुझ्या हाताशी श्रेया आहे.

मोठ्या आंतरराष्ट्रीय ज्युदो स्पर्धांत वजन आदल्या संध्याकाळी होतं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी निवडक खेळाडूंना पुन्हा काट्यावर उभं करतात. गटाच्या पाच टक्क्यांवर गेलं तर बाद. आपल्याकडे कित्येकदा सकाळी वजन आणि तासा-दोन तासात पहिली लढत. एवढ्या वेळात पोटात गेलेलं पाणी अंगात नीट मुरत नाही. म्हणजे ४४ ची चिठ्ठी मिळवून तू मॅटवर उतरणार कोरडी पडलेली, आणि समोरची मुलगी नाश्ता करून आलेली. शिवाय तुझी उंची अजून वाढते आहे, गेल्या दिवाळीची सलवार बघ. वरच्या ४८ च्या गटात मुली दांडग्या आहेत हे खरं, तिथे पहिल्या वर्षी कदाचित हरशील. हरलीस तर हरलीस.

फॉर्मवर सही केली आहे. गटाच्या रकान्यात ४८ लिहिलंय, पेन्सिलीने. सोमवारी तो सरांकडे द्यायचा आहे, तेव्हा भांडायचं असेल तर रविवारी दुपारी दुकान बंद असतं, तेव्हा भांड. काटा गॅलरीत ठेवलाय, बाथरूममध्ये नेऊन भिजवू नकोस.

तुझी,
आई