पीएच कंट्रोलरची सदोष रचना आणि चुकीची माहितीपुस्तिका यांबाबत तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा विभागप्रमुख

विषय: बंद केलेली तक्रार पुन्हा उघडून कारवाई करण्याबाबत

महोदय / महोदया,

आपल्या कंपनीचा पीएच (पाण्याची आम्लता-अल्कता) कंट्रोलर, त्याचा प्रोब (मोजणारी कांडी) आणि डोसिंग पंप (ठरावीक द्रावण सोडणारा पंप) असा संच मी घरच्या रीफ टँकसाठी, म्हणजे कोरल असलेल्या खाऱ्या पाण्याच्या टँकसाठी, घेतला होता. या संचापायी माझ्या टँकमधले अक्रोपोरा कोरल दगावले. त्यावर आपल्या ग्राहक सेवेने ‘प्रोब ही झिजणारी वस्तू आहे, ती वॉरंटीत बसत नाही’ एवढेच कळवून तक्रार बंद केली. प्रोब झिजतो, वर्ष-दोन वर्षांत तो बदलावा लागतो, याबद्दल माझे काहीच म्हणणे नाही. माझी तक्रार निराळी आहे. आपला कंट्रोलर निव्वळ पीएचचा आकडा पाहून टँकमध्ये अल्कलिनिटी (पाण्यातली आम्ल शोषण्याची क्षमता, मुख्यतः कार्बोनेटमुळे येणारी) वाढवणारे द्रावण ओतत राहतो, आणि तो आकडा चुकावा अशाच सूचना आपल्या माहितीपुस्तिकेत छापलेल्या आहेत.

प्रोब वापरात नसेल तेव्हा डिस्टिल्ड पाण्यात ठेवावा, असे पुस्तिका सांगते. काचेचा प्रोब पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणात ठेवायचा असतो. डिस्टिल्ड पाण्यात त्याच्या आतले क्षार बाहेर झिरपतात, मग त्याचे वाचन मंदावते आणि भरकटते. त्यात कॅलिब्रेशनसाठी (प्रोबचे वाचन जुळवण्यासाठी) आपण संचात 4 आणि 7 पीएचच्या बफरची, म्हणजे ठरलेल्या पीएचच्या द्रावणांची, पाकिटे देता. रीफ टँकचा पीएच साधारण 7.8 ते 8.5 च्या दरम्यान असतो, म्हणजे ज्या पट्ट्यात मोजायचे आहे तो या दोन बफरच्या बाहेरच राहतो. तिथे 7 आणि 10 हवेत. पाकिटांवर मुदत संपण्याची तारीखही नाही. शंका आली तेव्हा मी ताजे बफर मागवून प्रोब तपासला. 7 च्या बफरमध्ये त्याने बरोबर 7 दाखवले, 10 च्या बफरमध्ये मात्र 9.5. याचा अर्थ टँकमध्ये खरा पीएच 8.2 असताना पडद्यावर 8.0 दिसत होता. 4 आणि 7 वर कॅलिब्रेट करताना 7 च्या वरचे वाचन तपासलेच जात नाही.

तरीही प्रोब अगदी अचूक असता तरी नुकसान टळले नसते, आणि या पत्रातला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा हाच आहे. कारखान्यातून येतानाच कंट्रोलर 8.2 वर लावलेला असतो. पीएच त्याखाली गेला की पंप सोडियम कार्बोनेटचे द्रावण सोडतो. पण रीफ टँकचा पीएच रोज खालीवर होतोच. दिवसा प्रकाशात शेवाळ आणि कोरलमधले झूझँथेली (कोरलच्या आत राहणारे सूक्ष्म शैवाल) पाणी आम्लधर्मी करणारा कार्बन डायऑक्साइड वापरतात तेव्हा तो चढतो, रात्री सगळ्यांचे श्वसन चालू राहते तेव्हा उतरतो आणि दिवे लागण्याआधी सर्वांत खाली असतो. दारे-खिडक्या बंद असलेल्या खोलीत माणसांच्या श्वासामुळेही तो खाली राहतो. या उतरण्याचा अल्कलिनिटी कमी असण्याशी संबंध नाही. माझ्या टँकचे पाणी एका भांड्यात घेऊन मोकळ्या हवेत तासभर एअर पंपने ढवळले तर पीएच चढला. दोष खोलीतल्या हवेचा होता. स्किमरची (हवेच्या बुडबुड्यांनी पाणी साफ करणाऱ्या यंत्राची) हवेची नळी घराबाहेर काढणे, त्या हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषणारा सोडा लाइमचा स्क्रबर लावणे किंवा रिफ्युजियमचे (शेवाळ वाढवण्याच्या वेगळ्या कप्प्याचे) दिवे रात्री चालवणे, हे त्यावरचे उपाय. आपले यंत्र मात्र रात्रभर कार्बोनेट ओतत राहिले.

डोसिंग सुरू करण्यापूर्वी अल्कलिनिटी 8 डीकेएच (ती मोजण्याचे एकक) होती. पंप बंद केला तेव्हा ती 12 च्या वर गेली होती आणि कॅल्शियम घसरले होते. ते कुठे गेले हे हीटर बाहेर काढल्यावर दिसले. काचेवर खरखरीत पांढरा थर बसला होता आणि व्हिनेगरमध्ये टाकताच तो फसफसला, म्हणजे तो कॅल्शियम कार्बोनेटचा होता. टँकमध्ये पाणी परत सोडणाऱ्या रिटर्न पंपचे इम्पेलरही (फिरणारे पातेही) असेच जाम झाले होते. अक्रोपोराच्या फांद्यांची वाढणारी टोके आधी जळाली. तिथली त्वचा सुटून उघडा सांगाडा दिसू लागला, मग त्यावर तपकिरी शेवाळाची लव आली आणि हे मरणे फांदीवरून खाली सरकत गेले. लहान तुकड्यांपासून वाढवलेल्या या वसाहती होत्या. त्या पुन्हा विकत आणता येत नाहीत.

यावर आपल्या तंत्रज्ञांनी लेखी सल्ला दिला तो असा: ‘पीएच अजून कमी दिसत असेल तर बफरचा डोस वाढवा.’ (इथे बफर म्हणजे पंप सोडतो ते कार्बोनेटचे द्रावण.) अल्कलिनिटी किती आहे, हे त्यांनी एकदाही विचारले नाही. हा सल्ला ज्या ज्या ग्राहकाने पाळला असेल, त्याच्या टँकची मला खरोखर काळजी वाटते.

संचाची पूर्ण रक्कम परत मिळावी आणि दगावलेल्या कोरलची भरपाई मिळावी, ही माझी मागणी आहे. पण तेवढ्यावर हे प्रकरण मिटले असे मी मानणार नाही. पीएचवरून आपोआप डोस सोडण्याची सोय कारखान्यातून बंद स्थितीत यावी, आणि ग्राहकाने ती चालू केलीच तर दिवसाला जास्तीत जास्त किती द्रावण जाईल याची मर्यादा आधी भरून घेतली जावी. पुस्तिकेतली डिस्टिल्ड पाण्याची सूचना काढावी, संचात तारीख छापलेले 7 आणि 10 चे बफर द्यावेत. हा संच आधीच विकत घेतलेल्या प्रत्येकाला हे लेखी कळवावे, कारण त्यांच्याकडे तो या क्षणीही चालू असेल.

आपले लेखी उत्तर पंधरा दिवसांत अपेक्षित आहे. तोपर्यंत प्रोब आणि कंट्रोलर मी तपासणीसाठी जसेच्या तसे जपून ठेवले आहेत.

आपली ग्राहक

सोबत: खरेदीची पावती, कंट्रोलरमधील पीएच आणि डोसिंगची नोंद, अल्कलिनिटी व कॅल्शियमच्या चाचण्यांच्या नोंदी, हीटर व कोरलची छायाचित्रे, आपल्या तंत्रज्ञांच्या ईमेलची प्रत.