कार्ड कपाटात, मुलगी मैदानावर: क्रीडामंत्र्यांना खुलं पत्र

प्रति,
माननीय क्रीडामंत्री, गुजरात राज्य,
गांधीनगर

स. न. वि. वि.

पत्र मराठीत का, ते आधी सांगते. गुजरातीत दोनदा लिहिलं. दोन्हींची पोच आली, पुढे काही आलं नाही. आता उघडच लिहायचं तर बडोद्याच्या आमच्या मराठी मंडळींनीही वाचावं, कारण थोडा रोख त्यांच्याकडेही आहे. मी दांडिया बाजारातली. एकतीस वर्षं शाळेत पी.टी. घेतली. निवृत्तीनंतर गेली सहा वर्षं दर शनिवार-रविवार छोटाउदेपूरकडच्या एका निवासी शाळेत मुलींचा खो-खो घेते. शाळेचं नाव लिहीत नाही. तिथले आचार्य भले गृहस्थ आहेत, आणि जे घडलं ते कुठल्याही शाळेत घडलं असतं.

मार्चमधली गोष्ट. स्पर्धा सकाळी आठला सुरू व्हायच्या होत्या. पाहुणे साडेदहाला आले. मग दीपप्रज्वलन, पुष्पगुच्छ आणि आदिवासी मुलं कशी जात्याच काटक असतात यावर पाऊण तास भाषण. काटक मुलं तोवर उन्हात रांगेत उभी. आठशे मीटरचा पुकारा झाला तेव्हा पाऊण वाजत आला होता. आमची आठवीतली एक राठवा (तिकडची आदिवासी जमात) मुलगी पहिल्या फेरीत सगळ्यांच्या पुढे, अनवाणी. दुसऱ्या फेरीच्या वळणावर तिची धाव तुटली, चार पावलं चालली आणि खाली बसली. पडली नाही, बसली. मी पोचले तेव्हा शुद्धीवर होती, नीट बोलत होती. म्हणाली, "बेन, पग चालता नथी." पाय चालत नाहीत. मी पोटऱ्या दाबून पाहिल्या. पेटका आला की पोटरी दगडासारखी लागते, हे माझ्या हातांना पाठ आहे. तिच्या पोटऱ्या मऊ होत्या. तिथे मी घाबरले.

मैदानावरचा माठ अकरालाच कोरडा पडला होता. पाणी मंडपात होतं, बाटल्यांत. मी स्टेजवर चढून दोन बाटल्या उचलल्या. एक साहेब म्हणाले, "बेन, ए महेमानो माटे छे." पाहुण्यांसाठी आहे म्हणे. त्यांना काय उत्तर दिलं ते खुल्या पत्रात लिहिण्यासारखं नाही.

मुलीला जीपमध्ये घालून दवाखान्यात नेलं. रात्रभर सलाईन चाललं. स्नायूंना इजा झाली की लघवीचा रंग लाल-काळसर होतो; तसा होतो का, ते डॉक्टर पुन्हा पुन्हा बघत होते. झाला नाही. ती वाचली, बरी झाली. डॉक्टरांनी विचारलं, सिकलसेलची, म्हणजे रक्ताच्या त्या आनुवंशिक आजाराची, तपासणी झालीय का? मला माहीत नव्हतं. आचार्यांनाही नव्हतं. दुसऱ्या दिवशी ऑफिसातलं लोखंडी कपाट उघडलं, तर फाइलीत दोन वर्षांपूर्वीचं कार्ड निघालं, छान लॅमिनेशन केलेलं. सिकलसेल ट्रेट, म्हणजे वाहक.

साहेब, म्हणजे तपासणी झाली होती. गुजरातने हे काम २००६ पासून आदिवासी जिल्ह्यांत हाती घेतलं. केंद्राचं सिकलसेल निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ ला शहडोलहून सुरू झालं, त्याला २०४७ ची मुदत आहे. रक्त घेतलं, निदान झालं, कार्ड आलं. फक्त ते कार्ड जिच्या हातात शिट्टी असते तिच्यापर्यंत आलं नाही. कार्ड आरोग्य खात्याचं, मुलगी आदिजाती विकास खात्याची, मैदान शिक्षण खात्याचं आणि शर्यत तुमच्या खात्याची. चौघांची गाठ पडली ती त्या वळणावर.

वाहक म्हणजे आजारी नव्हे, हे मीही उशिरा शिकले. आई-बाप दोघांकडून दोष आला तर आजार. एकाकडूनच आला तर माणूस वाहक, आणि तो जन्मभर धडधाकट राहतो. पण भर उन्हात, तहानलेल्या अंगाने, जीव तोडून धावला तर लाल पेशी कोयत्यासारख्या वाकून बारीक रक्तवाहिन्यांत अडकू शकतात आणि स्नायूंचं नुकसान होतं. पेटका नाही, पोटरी मऊ, तरी पायात बळ नाही: हे त्याचं लक्षण. आमच्या मुलीचं तेच झालं की नुसतं ऊन लागलं, हे डॉक्टरांनीही छातीठोक सांगितलं नाही. दोन्हींवर पहिला उपाय मात्र तोच होता: सावली, विसावा, पाणी.

माझी खरी तक्रार यापुढची आहे. पुढच्या आठवड्यात शाळेने यादी काढली आणि वाहक मुलींची नावं सगळ्या खेळांतून खोडली. माझ्या खो-खोच्या संघातल्या चार गेल्या, त्यांत माझी सगळ्यात चांगली चेसर, म्हणजे पाठलाग करणारी. आचार्य म्हणाले, "बेन, जबाबदारी कोण घेणार?" त्यांचंही चुकलं असं म्हणवत नाही. पण त्या चौघी दुपारी व्हरांड्यात बसून इतरांचा सराव बघायला लागल्या, आणि त्यातल्या एकीची आई मला विचारून गेली, "हिला आता कोण करून घेणार?" काल आठशे मीटरला सगळ्यांच्या पुढे धावणारी मुलगी आज गावात रोगी ठरली.

हा प्रश्न जगात दुसऱ्यांनीही सोडवला आहे. अमेरिकेच्या लष्करात नवे जवान कवायतीत कोसळत, मरत, त्यांत वाहक जास्त, असं १९८७ च्या एका अभ्यासात दिसलं होतं. लष्कराने पुढे सरावाची रीत सगळ्यांसाठीच बदलली: पाणी ठरलेलं, विसावा ठरलेला, जोर टप्प्याटप्प्याने, ऊन पाहून. २०१६ मध्ये सुमारे ४८,००० कृष्णवर्णीय सैनिकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. वाहकांत मृत्यूचं प्रमाण जास्त आढळलं नाही. स्नायू निकामी होण्याचा धोका ५४ टक्क्यांनी जास्त होता, म्हणजे काळजी सुटत नाही. त्यांनी वाहकांना घरी बसवलं नाही. ज्यांना प्रत्यक्ष आजार आहे त्या मुलांचा खेळ वेगळा, तो डॉक्टरांना विचारूनच. पण वाहकांना बसवून ठेवणं हे नुसतं अंग झटकणं आहे.

आणि 'जात्याच काटक' हे शब्द सरकारी भाषणांतून काढून टाका. पोर पाणी आणते, बकऱ्या चारते, डोंगर चढते, म्हणून काटक होते. तिला पाचवीत वसतिगृहात आणलं की ते सगळं सुटतं. सकाळी प्रार्थना, मग वर्ग, संध्याकाळी अभ्यास. खेळाचा तास गणिताचा होतो, विशेषतः परीक्षेच्या आधी. घरी मक्याचा रोटला आणि अडदाची डाळ. इथे भात-बटाटा, आणि शाळेच्या फाटकाबाहेर पाच रुपयांची कुरकुरीत पाकिटं. दिवाळीनंतर आई-बाप मजुरीला काठियावाडात, सुरतेत जातात, ते जाताना पोरीच्या हातात वीस रुपये ठेवतात. त्यांची चार पाकिटं. मी सहा वर्षं एकाच वयाच्या मुलींना पळवते आहे. दम कमी होताना दिसतो, त्याला घड्याळ लागत नाही.

आता आमच्या मंडळींकडे वळते. सयाजीराव महाराजांनी आदिवासी मुलांसाठी सोनगढला वसतिगृह काढलं, हे आपण बडोदेकर प्रत्येक जयंतीला सांगतो. १९२३ मध्ये बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्याने हुतूतूचे नियम छापले आणि अखिल भारतीय स्पर्धा भरवली, हेही सांगतो. माणिकरावांचा आखाडा माझ्या घरापासून हाकेच्या अंतरावर आहे. पण छोटाउदेपूर बडोद्यापासून शंभरेक किलोमीटर. २०१३ पर्यंत आपल्याच जिल्ह्यात होतं. आपल्यातले किती जण तिथे शिट्टी घेऊन गेले? मीही निवृत्त होईपर्यंत गेले नव्हते. उगीच दुसऱ्याला बोलत नाही.

तिकडे दक्षिण गुजरातच्या डांग या आदिवासी जिल्ह्याने बघा काय केलं. (डांग बडोदे संस्थानात कधीच नव्हता, तेव्हा श्रेय घ्यायला जाऊ नये.) सरिता गायकवाड खो-खो खेळत धावायला लागली आणि २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत चार गुणिले चारशे मीटर रिलेचं सुवर्ण घेऊन आली. मुरली गावितने २०१९ मध्ये दोह्याला आशियाई अजिंक्यपदात दहा हजार मीटरचं कांस्य मिळवलं. जानेवारी २०२५ मध्ये खो-खोचा पहिला महिला विश्वचषक जिंकणाऱ्या भारतीय संघात डांगची ओपिना भिलार होती. खो-खोला लागतात दोन खांब, चुन्याच्या रेघा, आणि रोज संध्याकाळी न चुकता येणारा एक माणूस. खांब आणि चुना मिळतो. अडतं ते माणसाशी.

तो माणूस तुम्ही ११ महिन्यांच्या करारावर देता. खेल सहायक म्हणून येणारी पोरं चांगली असतात, पण मुलीला उजव्या बाजूने वळायला शिकवून होईतो करार संपतो. निवासी शाळेला कायमचा व्यायाम शिक्षक द्या, मुलींच्या शाळेला बाई द्या. बाई का, ते सांगते. पाळी सुरू झाली की आमच्याकडच्या मुली 'पोट दुखतं' म्हणून मैदान सोडतात, आणि पुरुष मास्तर संकोचाने विचारत नाही. अशा किती जणींचं खेळणं सातवी-आठवीत थांबतं ते मी मोजायचं सोडलं आहे.

बाकी मागण्यांना फार पैसा लागत नाही. वाहक मुलींच्या कार्डाची एक प्रत पालकांच्या परवानगीने पी.टी.च्या शिक्षकाकडे राहू द्या; वर्गात वाचून दाखवायला नव्हे, खिशात ठेवायला. आदिवासी तालुक्यांत लांब पल्ल्याच्या शर्यती सकाळी नऊच्या आत किंवा साडेचारनंतर, पाहुणे येवोत न येवोत, असा एका ओळीचा आदेश काढा. माठ मंडपात नको, वळणावर ठेवा. आणि संध्याकाळच्या सरावानंतर मूठभर शेंगदाणे-गूळ; जिला चालतं तिला उकडलेलं अंडं.

२०३० मध्ये अहमदाबादला राष्ट्रकुल स्पर्धा आहेत. स्टेडियमं होतील, व्हायला हवीत. आमची ती मुलगी तेव्हा अठरा-एकोणीस वर्षांची असेल. मी आचार्यांना माझ्या सहीचं पत्र लिहून दिलं आहे की सरावाच्या वेळी या चौघींची जबाबदारी माझी. कायद्याने त्याला काही किंमत नाही, हे मला आणि त्यांना दोघांनाही ठाऊक आहे. तरी त्यांनी ते कपाटात ठेवलं आणि चौघींना मैदानावर सोडलं. आता दर दहा मिनिटांनी शिट्टी वाजते आणि सगळ्याच्या सगळ्या मुली पाणी पितात, कार्डवाल्या आणि बिनकार्डवाल्या. सुरुवातीला लाजत होत्या, आता रांगेत ढकलाढकली करतात.

आपण एकदा या. शनिवारी सकाळी साडेसहाला आम्ही सुरू करतो. खुर्ची नाही, महुड्याखाली, म्हणजे मोहाच्या झाडाखाली, एक मोठा दगड आहे, त्यावर नऊपर्यंत सावली असते.

आपली,
एक निवृत्त पी.टी. शिक्षिका
दांडिया बाजार, बडोदा