संगणक खोलीसाठी राबलेल्या हातांचे आभार

जळगावात मे महिन्याचा पारा ४४ अंशांवर असताना, जेमतेम एक माणूस अंग चोरून आत शिरेल एवढ्या आमच्या वाचनालयाच्या संगणक खोलीत ज्यांनी १९ इंची रॅक (नेटवर्कची उपकरणे बसवायची चौकट) बसवला, त्या दोघा तंत्रज्ञांचे आणि तासभर शिडी धरून उभ्या राहिलेल्या शेजारच्या काकांचे मनःपूर्वक आभार. तांब्याच्या नेटवर्क केबलची मर्यादा १०० मीटर असते, हे ध्यानात घेऊन त्यांनी मागच्या इमारतीपर्यंत फायबर (प्रकाशावाटे माहिती नेणारी केबल) टाकली. स्विचची (संगणक एकमेकांना जोडणाऱ्या उपकरणाची) गरम हवा कोंडू नये म्हणून रॅक भिंतीपासून पुढे घेतला आणि, सर्वांत मोलाचे म्हणजे, प्रत्येक केबलच्या दोन्ही टोकांना क्रमांकाच्या चिठ्ठ्या लावल्या. परवा तुटलेली जोडणी त्या चिठ्ठ्यांमुळेच मला लगेच सापडली. नावे न सांगताच मंडळी निघून गेली. चहासुद्धा घ्यायचा राहिला.